थोड्या वर्षांसाठी बांधलेली ‘विक्रांत’

प्रश्न : जुनी ‘विक्रांत’ युद्धापुरती, थोड्याच वर्षांच्या वापरासाठी बांधली होती असे वाचनात आले. मग ती १९९७ पर्यंत सेवेत कशी राहिली? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. ‘विक्रांत’ ही ब्रिटनच्या ‘मॅजेस्टिक’ वर्गातील सहा हलक्या विमानवाहू नौकांपैकी एक होती. दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू नौकांची निकड असल्याने त्यांचा सांगाडा लढाऊ जहाजांच्या महागड्या पद्धतीऐवजी बराचसा व्यापारी जहाजांच्या मानकांनुसार आखला गेला, जेणेकरून लहान गोदीतही काम उरकावे. युद्ध संपले आणि सहाही नौका अर्धवट राहिल्या. ‘लेव्हायथन’ तर कधीच पूर्ण झाली नाही, बाकीच्या कॅनडा, ऑस्ट्रेलिया व भारताकडे गेल्या.

आपली नौका, म्हणजे मूळची ‘हर्क्युलिस’, १९४५ मध्ये पाण्यात उतरली, पण भारताने १९५७ मध्ये विकत घेईपर्यंत तशीच पडून होती. हा विलंबच, माझ्या मते, तिच्या पथ्यावर पडला, कारण बेलफास्टला काम पूर्ण होताना जेट विमानांना आवश्यक असलेली तिरकी धावपट्टी आणि वाफेवर चालणारा कॅटापल्ट (विमानाला वेगाने पुढे फेकून उडवणारे यंत्र) तिला मिळाला. ती ४ मार्च १९६१ रोजी नौदलात आली. १९७१ मध्ये एका बॉयलरला तडे गेल्याने तिचा वेग मर्यादित होता, तरी तिच्यावरील सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील चितगाव व कॉक्स बाजारवर हल्ले केले. पुढे सी हॅरियर या थोड्या धावेत उडणाऱ्या जेट विमानांसाठी कॅटापल्ट काढून डेकचे पुढचे टोक चढते करण्यात आले.