मुक्त व्हायचंय, म्हणून गोळ्या बंद करू का?

वाचकांचे प्रश्न, मनोविकारतज्ज्ञाची उत्तरं

गेलं वर्षभर या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. ‘सिस्टिम’नं आपल्याला झोपवून ठेवलंय, पाण्यातून, अन्नातून, औषधांतून मंद केलंय, आणि जो जागा होईल तोच मुक्त, असं कुणीतरी व्हिडिओत सांगतं. मग माणूस मला विचारतो, डॉक्टर, हे खरं का? अध्यात्म आणि कटाचा संशय यांच्या या मिश्रणावर शार्लट वॉर्ड आणि डेव्हिड व्होआस या अभ्यासकांनी २०११ सालीच लेख लिहिला होता. आता ते मोबाइलवरून आपल्या घरात आलंय. प्रत्येकाला वेगळं लिहिणं शक्य नाही, म्हणून आज एकत्र उत्तरं देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : पाण्यात आणि टूथपेस्टमध्ये मुद्दाम फ्लोराइड घालून आपली पिनियल ग्रंथी, म्हणजे तिसरा डोळा, दगडासारखी करून टाकतात असं ऐकलं. सहा महिने मी बिनफ्लोराइडची पेस्ट वापरतोय आणि रोज चिमूटभर टाकणखार पाण्यातून घेतोय. ग्रंथी मोकळी व्हायला आणखी किती दिवस लागतील? (नांदेड जिल्हा)

टाकणखार आजच बंद करा. तोंड आलं की टाकणखाराची लाही मधातून लावतात, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. रोज पोटात गेला तर उलट्या, जुलाब होतात, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. तुम्ही सहा महिने घेतलाय, तेव्हा या आठवड्यातच फिजिशियनला दाखवा आणि क्रिएटिनिन तपासून घ्या.

पाण्यात फ्लोराइड मुद्दाम घालण्याची गोष्ट मुळात अमेरिकेतली. दात किडू नयेत म्हणून मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरानं १९४५च्या जानेवारीत ते सुरू केलं. पुढं शीतयुद्धात, हा कम्युनिस्टांचा डाव आहे असं म्हणणारे तिथं निघाले. तीच भीती जशीच्या तशी उचलून तुमच्या गावात आणली गेली आहे. आपल्याकडे नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालत नाहीत. उलट नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत ते खडकातून बोअरच्या पाण्यात उतरतं आणि नको तितकं उतरतं. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर फार तर १.५. त्यावरचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, मोठ्यांची पाठ आणि गुडघे आखडतात. तुरटी आणि चुन्यानं ते कमी करण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेनं काढली ती याचसाठी. तेव्हा काळजी करायची तर बोअरची करा, पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्या. यात कुणाचा डाव नाही, पण दुर्लक्ष पुष्कळ आहे, आणि पाठपुरावा करायचा तर त्याचा करायला हवा.

पिनियलमध्ये कॅल्शियमचे कण साठतात हे खरं आहे. ठणठणीत माणसांच्या सीटी स्कॅनमध्येही ते दिसतात. पूर्वी साध्या एक्स-रेत तो पांढरा ठिपका मधोमध आहे ना, हे पाहून मेंदू एका बाजूला सरकलाय का ते डॉक्टर ओळखत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ११ वृद्ध मृतदेहांच्या पिनियलमध्ये फ्लोराइड साठलेलं आढळलं, तेही खरं. पण त्यातून कुणाचं ध्यान अडलं किंवा उघडलं असं काही सिद्ध झालेलं नाही. ही ग्रंथी मेलाटोनिन बनवते, झोपेचं वेळापत्रक सांभाळते. तिची सेवा करायची असेल तर रात्री अकरानंतर मोबाइल लांब ठेवा.

प्रश्न : उगवत्या सूर्याकडे रोज थोडा थोडा वेळ वाढवत एकटक पाहिलं की अन्नाची गरज उरत नाही आणि माणूस अन्नसाखळीच्या गुलामीतून सुटतो, हे कितपत योग्य? (अहिल्यानगर)

अजिबात नाही. डोळ्याचा पडदा भाजतो आणि तो दुखत नाही, म्हणून उशिरा कळतं; पाहिलं असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जा, आणि जेवण सोडलं असेल तर आधी फिजिशियनकडे.

प्रश्न : माझ्या भावाला बायपोलर आहे. सहा वर्षं लिथियमवर नीट होता, नोकरी सांभाळत होता. एका ऑनलाइन शिबिरात ‘गोळ्या ही सिस्टिमची रासायनिक बेडी आहे’ असं सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या. म्हणतो, इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. रात्री तीनच तास झोपतो, पण ताजातवाना असतो. पुढच्या ‘लेव्हल’साठी त्यानं ४५,००० रुपये भरले. आईवडील खूश आहेत. मलाच भीती वाटते. थांबून बघू का? (पुणे)

थांबू नका. हे वाचून झालं की त्याच्या डॉक्टरांना फोन लावा.

तीन तास झोपून ताजंतवानं वाटणं, डोक्यात विचारांची गर्दी, हात सैल सुटणं, ‘मला सगळं कळलंय’ ही खात्री. बायपोलर, म्हणजे मूड टोकाला चढण्या-उतरण्याचा आजार, असलेल्या माणसात ही चढत्या झटक्याची, म्हणजे मेनियाची, सुरुवात असू शकते. लिथियम एकदम तोडलं की पुढच्या काही महिन्यांत आजार उलटण्याचा धोका खूप वाढतो, आत्महत्येचाही वाढतो. झटका ओसरल्यावर जी खाई येते, तिथं त्याला शिबिरातलं कुणी भेटायला येणार नाही.

काही वर्षांपूर्वी एक आई माझ्या ओपीडीत आली. पर्स उघडून तिनं वर्तमानपत्राची एक पुडी टेबलावर ठेवली. आत गोळ्या होत्या, काही अर्धवट विरघळून एकमेकींना चिकटलेल्या. मुलगा जिभेखाली धरून ठेवायचा आणि नंतर गादीच्या फाटक्या कोपऱ्यात कोंबायचा. तिनं त्या मोजल्या होत्या, ६३. “एवढे दिवस तो आनंदात होता हो,” असं म्हणून ती गप्प बसली. मुलगा तेव्हा वॉर्डात होता. परराज्यात एका रेल्वे फलाटावर अनवाणी सापडला होता, त्याच्या नावावर दोन कर्जं निघाली होती. तो वाचला. सगळे वाचत नाहीत, म्हणून मी हे इतकं लिहिते आहे.

‘बेडी’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण तो शब्द हवेतून आलेला नाही. माझ्या विषयानं माणसांना खरोखर बेड्या घातल्यात. सोव्हिएत रशियात सरकारविरोधी बोलणाऱ्यांना स्किझोफ्रेनियाचं लेबल लावून कोंडलं गेलं. अमेरिकेच्या सीआयएनं १९५३पासून ‘एमके-अल्ट्रा’ नावाखाली माणसांवर गुपचूप प्रयोग केले. त्याच पैशातून माँट्रियलला डॉ. यूएन कॅमेरॉन यांनी आजारी माणसांवर जे केलं ते वाचवत नाही. आपल्याकडे तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी झोपडीला आग लागली आणि साखळीनं बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. हे सगळं घडलेलं आहे, आणि ते आपल्याला ठाऊक आहे ते पत्रकारांनी, सिनेटच्या समितीनं, न्यायालयांनी कागद बाहेर काढले म्हणून. १९७३ साली सीआयएनं एमके-अल्ट्राच्या फायली नष्ट करायला लावल्या, तरी हजारो कागद उरले आणि १९७७ साली सापडले. तुमच्या भावाला शिबिरवाल्यानं कुठला कागद दाखवला, हे विचारा.

लिथियम हा साधा क्षार आहे. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं त्याचा गुण दाखवला. तो कुणा कंपनीच्या पेटंटखाली नाही, गोळी स्वस्त आहे. त्याचे त्रास आहेत आणि ते मी लपवणार नाही: हात थरथरतात, तहान लागते, थायरॉइड आणि मूत्रपिंडावर नजर ठेवावी लागते. यांतलं काही भावाला सोसवत नसेल तर तो औषध बदलून मागू शकतो, कमी करून मागू शकतो, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ शकतो. हे त्याचे हक्क आहेत. काही जणांची औषधं मी स्वतः हळूहळू कमी केली आहेत, महिने लावून, दर टप्प्याला झोप आणि मूड पाहून. एका रात्रीत सगळं तोडणं हा फार वेगळा प्रकार आहे.

‘व्यक्तिस्वातंत्र्य’ म्हणून एवढं बोलणाऱ्या या मंडळींनी २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा एकदा तरी उघडावा. साखळीनं बांधायला त्यात बंदी आहे. आपल्या उपचारांची कागदपत्रं मागण्याचा हक्क आहे. आणि ‘आगाऊ निर्देश’ आहे: माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो की पुन्हा आजारी पडलो तर मला अमुक उपचार द्या, तमुक देऊ नका, आणि माझ्या वतीनं बोलायला ही व्यक्ती. आणीबाणीच्या उपचारांना तो आड येत नाही, बाकी वेळी त्याला वजन आहे. भाऊ सावरला की त्याच्यासोबत बसून हा कागद करा, डॉक्टर आणि वकील दोघांना विचारून. पंधरा वर्षं या कामात असताना माझ्याकडे तो लिहून घेऊन आलेले लोक एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, याचं मला वाईट वाटतं.

आज करायची कामं सांगते. भावाशी वाद घालू नका, ‘तुला वेड लागलंय’ हे तोंडातून काढू नका. ‘तुझी झोप गेली आहे, तेवढ्यासाठी चल’ म्हणा. जुन्या डोसनं गोळ्या घरीच परत सुरू करू नका, रक्तातली पातळी, थायरॉइड, क्रिएटिनिन पाहून डॉक्टर ठरवतील. गाडीची किल्ली आणि बँकेचे मोठे व्यवहार सध्या घरच्या कुणाच्या तरी नजरेखाली असू द्या, त्याच्याशी बोलूनच. मरणाबद्दल तो काही बोलला, किंवा झोप पूर्णच गेली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालय. रात्री-अपरात्री ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आईवडिलांनाही पुढच्या भेटीला सोबत न्या, डॉक्टरांना त्यांच्याशीही बोलायचं असतं.

प्रश्न : शिबिर खरं की धंदा, हे कसं ओळखायचं? (ठाणे)

‘डॉक्टर आणि घरचे तुला मागं खेचतील, त्यांना सांगू नकोस’ असं म्हणाले की उठून या. दुसरी खूण पैशाची. पहिलं सत्र फुकट, दुसरं ९९९, मग ‘डीएनए ॲक्टिव्हेशन’, मग ‘मेंटॉर सर्कल’, आणि गुण आला नाही तर दोष तुमच्या ‘लो व्हायब्रेशन’चा. फी घेतली म्हणून कुणी भामटा ठरत नाही, मीही घेते. पण पावती द्या म्हणा आणि काय होतं पाहा. आजार बरा करण्याची हमी देऊन जाहिरात केली असेल तर १९५४चा औषधं आणि जादूई उपाय कायदा आहे, ग्राहक आयोग आहे, जादूटोण्याचा प्रकार असेल तर आपल्या राज्याचा २०१३चा कायदा आहे. कुठला लागू पडतो ते वकिलाला विचारा.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी मला मेनियाचा झटका आला होता. दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला जाऊ का? (नाशिक)

तुमच्या डॉक्टरांना न विचारता जाऊ नका, आणि प्रवेशाच्या फॉर्मवर आजार लपवू नका. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रासारखी जबाबदार ठिकाणं आजाराचा इतिहास विचारतात ते तुमच्या भल्यासाठीच. तिथं फी नसते, त्यामुळे तुम्हाला घेण्यात त्यांचा काही आर्थिक स्वार्थही नाही. घरी रोज वीस मिनिटं डोळे मिटून बसायला बहुतेकांना हरकत नसते. तेही एकदा विचारून घ्या.

प्रश्न : किनाऱ्यावर एका ‘सेरेमनी’त अयाहुआस्का देणार आहेत. मी नैराश्याची गोळी घेते. दोन दिवस बंद ठेवली तर चालेल? (मुंबई)

नाही. त्या काढ्यात डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं, ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, आणि नैराश्याच्या अनेक गोळ्यांबरोबर त्या काढ्याची प्रतिक्रिया जीवघेणी ठरू शकते. दोन दिवसांत गोळी अंगातून जात नाही. जाऊ नका.

प्रश्न : पृथ्वी हा आत्म्यांचा तुरुंग आहे, मेल्यावर पांढऱ्या प्रकाशात गेलं की पुन्हा इथंच ढकलतात, म्हणून प्रकाशाकडे पाठ फिरवायची, असं ऐकलं. मी रात्रभर तेच घोकतो. शेवटच्या क्षणी विसरलो तर? (सोलापूर)

मेल्यानंतर काय, याचं उत्तर वैद्यकशास्त्राकडे नाही, आणि व्हिडिओवाल्याकडेही नाही. माझं लक्ष ‘रात्रभर घोकतो’ या शब्दांवर आहे. नको असताना तोच विचार येत राहणं, तो म्हटला नाही तर अघटित होईल ही धास्ती, पुन्हा पुन्हा घोकून तात्पुरता दिलासा. हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत, नुसत्या समुपदेशनाच्या पद्धतीही आहेत. आपल्याकडे मरणाच्या वेळी काय आठवावं यावर पूर्वीपासून बोललं गेलंय, पण ते ऐकून माणसाला धीर यायचा. तुमची यानं झोप उडाली आहे. आणि एक सरळ विचारते: लवकर सुटून जावं असं वाटतं का? वाटत असेल तर आजच १४४१६ला फोन करा आणि घरात एका माणसाला सांगा. वाटत नसेल तरी या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञाला भेटा.

प्रश्न : माझा नवरा म्हणतो की जन्मदाखल्यावरचं नाव म्हणजे मी नव्हे, म्हणून घराचं कर्ज मला लागू नाही. बँकेला तशी पत्रं पाठवतो. (कॅलगरी, कॅनडा)

तुमच्याच प्रांतात, अल्बर्टाच्या न्यायालयात, न्यायमूर्ती जॉन रूक यांनी २०१२ साली असल्या युक्तिवादांची एकेक करून चिरफाड केली आहे. घर जाण्याआधी तिथल्या वकिलाकडे जा. नवऱ्याची झोप, राग, एकटं राहणं यांत अलीकडे फरक पडला असेल तर फॅमिली डॉक्टरलाही सांगा.

प्रश्न : मुलगी कॉलेजात आहे. जेवायला बसली की म्हणते, “आई, तू झोपलेली आहेस, मी जागी झालेय.” मी काय उत्तर देऊ? (कोल्हापूर)

लगेच उत्तर देऊ नका, काय पाहिलंस ते सांग म्हणा आणि पूर्ण ऐकून घ्या. या वयात जगाबद्दल शंका येणं हा आजार नाही. कॉलेजला जाते का, मैत्रिणी आहेत का, अंघोळ-जेवण वेळेवर आहे का, हे बघा. सगळं असेल तर तिचं तिला शोधू द्या. टीव्हीवरचा माणूस माझ्याशीच बोलतो, शेजारी माझ्यावर नजर ठेवतात, असं काही म्हणाली किंवा खोलीची दारं-खिडक्या बंद ठेवू लागली, तर महिनाभर वाट पाहू नका. असल्या आजारात उपचार जितके लवकर, तितका गुण चांगला. आजपासून ती किती वाजता झोपते आणि उठते ते एका वहीत लिहा, आणि पंधरा दिवसांनी काळजी वाटत असेल तर ती वही घेऊन जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे जा. पहिल्या भेटीला तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल.