ऑटिझमच्या प्रयोगांत फक्त नर उंदरांतच लक्षणं दिसतात, मग मुलींचा ऑटिझम सौम्य असतो का?

तुम्ही ऐरोलीहून लिहिलंत: तुमची भाची सहा वर्षांची, शाळेतल्या बाईंनी तपासणी करून घ्या म्हणून सांगितलंय, आणि ‘मादीला काही होत नाही’ हे वाचून घरचे म्हणताहेत थांबू या. कृपा करून थांबू नका. उंदरांच्या वर्तनावर मी काही वर्षं काम केलंय, त्या आधारावर सांगतो.

तुम्ही वाचलंत ते बहुधा २०१८च्या कोरियातल्या प्रयोगाबद्दल असावं. ऑटिझम असलेल्या माणसात सापडलेला सीएचडी८ जनुकातला बदल तिथल्या संशोधकांनी उंदरांत घातला. नर पिल्लं आईपासून दूर केल्यावर जास्त ओरडायची, आई परत भेटली की तिला चिकटून राहायची. मोठे नर एकटे ठेवले की स्वतःला चाटत बसायचे. माद्यांच्या वागण्यात असं काही दिसलं नाही. पण बातमीत बहुतेक वेळा गळतं ते पुढचं: माद्यांचा मेंदूही बदलला होता, फक्त वेगळ्या दिशेने. चेतापेशींना आवर घालणारे संदेश त्यांच्यात वाढले होते. जनुकातला बदल त्यांनाही भिडला होता, वागण्यात उमटला नाही एवढंच.

शिवाय वागणं मोजायचं कसं? नेहमीची चाचणी तीन कप्प्यांच्या पेटीत होते. एका कडेला जाळीखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या कडेला नुसती जाळी. उंदीर कुठे किती वेळ हुंगतो ते मोजायचं. नर आणि मादी एकमेकांशी मुळातच वेगळं वागतात, त्यामुळे एकाच मोजपट्टीवर दोघांचा दोष सारखा पकडला जाईलच असं नाही. त्यात माद्यांच्या माजाच्या चक्राने आकडे हलतात अशी समजूत होती, म्हणून वर्षानुवर्षं बरेच प्रयोग नुसत्या नरांवर झाले. ही समजूत खरी नव्हती; २०१४ मध्ये शेकडो शोधनिबंध तपासले तेव्हा माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त हलत नाहीत असं दिसलं. आणखी एक चूक मला फार खटकते. नरांत फरक ठळक आला, मादीत आला नाही, की लगेच ‘लिंगभेद सापडला’ असं लिहितात. नर-मादी थेट एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय तसं म्हणताच येत नाही.

माणसांतही चार मुलांमागे एक मुलगी हे जुनं प्रमाण २०१७च्या एका मोठ्या आढाव्यात तीनास एकच्या जवळ आलं, कारण कित्येक मुलींचं निदानच होत नाही. मैत्रिणींचं पाहून त्या तसंच बोलतात, हसतात आणि घरी आल्यावर कोसळतात.

तपासणीसाठी नवी मुंबईत खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. ऐरोलीहून पनवेल लोकल थेट खारघरला जाते. जाताना शाळेतलं वागणं बाईंकडून लिहून घ्या, आणि शाळेतून आल्यावर ती घरी कशी असते तेही आवर्जून सांगा.