रात्री कोथिंबीर खाल्ली अन् सकाळी गेला: सशांबद्दलचे तुमचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न सशांचेच आहेत, आणि तेही गेलेल्या सशांचे. माझं रोजचं काम गाई, म्हशी, बकऱ्यांचं, पण आता जळगाव, धुळे, नंदुरबारकडं घरोघरी ससे आलेत आणि त्यांच्याबद्दल नीट माहिती फार कमी लोकांना आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न: आमचा ससा अडीच वर्षांचा होता. रात्री थोडी कोथिंबीर खाल्ली, सकाळी पिंजऱ्यात आडवा पडलेला, दुपारपर्यंत गेला. काहीच आजार नव्हता हो. माझं काय चुकलं, हे डोक्यातून जातच नाही. (एक ताई, जळगाव)

ताई, आधी एक सांगतो, तुम्ही दुर्लक्ष केलं म्हणून तो गेला असं समजू नका. ससा हा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे, रानात जो आजारी दिसतो तो आधी उचलला जातो. म्हणून तुम्हाला 'अचानक' वाटलं ते त्याच्या पोटात बहुतेक एक दोन दिवस आधीच सुरू झालेलं असणार.

सशाचं आतडं सारखं चालू राहावं लागतं. गवत कमी पडलं, दात वाढून टोचायला लागले, पाणी कमी प्यायला, कशाला तरी घाबरला, की आतडं मंदावतं, आतला चारा सुकतो, गॅस होतो, पोट दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं अजून मंदावतं. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं वरून बाहेर पडायला वाटच नाही. दहा बारा तास पोटात काही गेलं नाही तर ती इमर्जन्सी धरायची, 'उद्या बघू' म्हणायचं नाही.

मी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, ससा बघू नका, लेंड्या बघा. धडधाकट ससा दिवसाला २०० ते ३०० लेंड्या टाकतो, गोल, साधारण हरभऱ्याएवढ्या, बोटात चुरली तर आत गवताचा भुसा दिसतो. त्या मुगाएवढ्या बारीक झाल्या, किंवा केसात ओवलेल्या मण्यांसारख्या एकाला एक लटकायला लागल्या, तर ससा कितीही उड्या मारत असू दे, पोट बिघडायला लागलंय. नंतर तो कोपऱ्यात पाठीचं कुबड काढून बसतो, डोळे अर्धे मिटलेले, आणि कान जवळ नेला तर दात करकर वाजवल्याचा आवाज येतो. तो दुखण्याचा आवाज आहे. कान गार लागले तर अजिबात वेळ घालवू नका, त्याचं नॉर्मल टेंपरेचर ३८.५ ते ४० डिग्री असतं, ते खाली आलं म्हणजे हालत नाजूक. पोट नगाऱ्यासारखं टम्म असेल तर जबरदस्तीनं काही भरवू नका, सरळ डॉक्टर गाठा.

तुम्ही लिहिलंय की तो पोळी, बिस्कीट, कळण्याची भाकरी आवडीनं खायचा. आपल्याकडं जीव लावायचा म्हणजे आपल्या ताटातलं द्यायचं, हे मी समजू शकतो. पण सशाच्या खाण्यात मोठा वाटा वाळलेल्या गवताचाच पाहिजे, पीठ आणि साखर त्याच्या पोटात जाऊन आंबते. हे तुम्हाला दोष द्यायला नाही सांगत, ससा देताना दुकानदारानं हे सांगायला हवं होतं आणि कुणीच सांगत नाही.

प्रश्न: सशाला सर्दी झाली होती, घरात मुलाचं अँटिबायोटिक सिरप उरलेलं होतं ते दोन दिवस दिलं. जुलाब लागले आणि गेला. औषधानं झालं का? (एक भाऊ, अमळनेर)

खरं सांगायला हवं भाऊ, तुम्ही सिरपचं नाव अमॉक्सिसिलीन लिहिलंय, त्यामुळे त्यानंच झालं असण्याची शक्यता जास्त. अमॉक्सिसिलीन, पेनिसिलीन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं तोंडावाटे दिली की सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट जंतू माजतात आणि त्यांचं विष अंगात भिनतं. लेकराला चालणारं औषध सशाला मारतं, हे घरच्या माणसाला कुठून कळणार? तुम्ही त्याला बरं करायलाच दिलं होतं. सशाला चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, पण ती डॉक्टरनंच ठरवायची. तसाच कुत्र्याच्या गोचीड पिसवांचा फिप्रोनिल स्प्रे सशावर कधीच मारू नका, त्यानंही ससे दगावतात.

प्रश्न: मे महिन्यात लाईट गेली, कुलर बंद, पत्र्याच्या खोलीत दोन तासांत ससा गेला. पुढं काय काळजी घेऊ? (भुसावळ)

भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि सशाला तिशीच्या पुढंच त्रास सुरू होतो. त्याला माणसासारखा घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला कानच मुख्य. पत्र्याखाली तर भट्टीच. जुनं धाब्याचं घर असेल तर पिंजरा तिथं हलवा, नसेल तर खालच्या मजल्यावर, शहाबादी फरशीवर. पिंजऱ्याच्या बाजूनं ओलं गोणपाट, आणि फ्रीजरमधली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, तो स्वतः टेकून बसतो. धापा टाकायला लागला तर कान साध्या पाण्यानं ओले करा आणि लगेच निघा. बर्फाचं पाणी नको, बादलीत तर बुडवूच नका, त्या धक्क्यानंही जातो.

प्रश्न: जोडीतला एक गेला, दुसरा काल संध्याकाळपासून खातच नाही. (शिरपूर)

ससे जोडीदार धरून राहतात आणि तो गेल्यावर खाणं सोडतात. पुढच्या वेळी, देव करो वेळ न येवो, गेलेला ससा तासभर शेजारी राहू द्या, तो हुंगतो, कधी चाटतो, मग बाजूला होतो. एकदम उचलून नेला तर शोधत बसतो. आत्ता मात्र तुमचा प्रश्न वेगळा आहे, काल संध्याकाळपासून खाल्लं नाही म्हणजे बारा तास उलटून गेलेत, हे वाचत बसू नका, आधी डॉक्टरकडं न्या. पहिला कशानं गेला तेही सांगा, आणि त्याला चारा कापसाच्या बांधावरून आणत असाल तर तेही सांगा. फवारणी झालेल्या बांधावरचं गवत धुऊनसुद्धा देऊ नका.

प्रश्न: सात वर्षांच्या पोरीला काय सांगू? मामाच्या गावाला गेला म्हणू का? आणि पुरायचं कसं? (शहादा)

खोटं नका सांगू ताई. ती दर सुट्टीत मामाच्या गावी शोधेल. पोट दुखत होतं, आपण प्रयत्न केला, तो मेला, आता परत येणार नाही, इतकं साध्या शब्दांत सांगा आणि ती रडली तर रडू द्या. 'नवीन आणू' हे त्याच दिवशी नको. नंतर आणलाच तर पिंजरा आधी साबणानं घासून चार पाच दिवस कडक उन्हात ठेवा.

खड्डा तीन फूट खोल, विहीर आणि बोअरपासून लांब, सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. वर जड दगड, नाहीतर कुत्री उकरतात. माती टाकायच्या आधी पोरीला त्याची आवडती मेथीची जुडी आत ठेवू द्या.