पाऊल घसरले तरी भेट चुकवू नकोस

चिरंजीव,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. दारू सुटावी यासाठीच्या एका औषधाच्या अभ्यासात नाव द्यावे का, असे तू विचारले आहेस आणि खाली वेगळ्या शाईने लिहिले आहेस, ‘काका, माझा उंदीर तर होणार नाही ना?’ ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती निराधार नाही. अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे व्यसनी कैद्यांसाठी आणि रुग्णांसाठी १९३५ साली एक मोठी सरकारी संस्था सुरू झाली. तिथल्या संशोधन केंद्रात अनेक वर्षे कैद्यांवर अभ्यास झाले आणि त्यांत भाग घेतल्याचा मोबदला म्हणून कैद्यांना चक्क मादक द्रव्येच दिली जात. ज्याला तलफ आहे त्याला त्याच वस्तूचे आमिष दाखवून घेतलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही, एवढी साधी गोष्ट सर्वांच्या गळी उतरायला १९७० चे दशक उजाडावे लागले.

आज आपल्याकडे नियम बरेच कडक आहेत. नव्या औषधांसंबंधीच्या २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीच्या, म्हणजे भाग घेणाऱ्यांचे हित पाहणाऱ्या समितीच्या, मंजुरीखेरीज चाचणी सुरू करता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार विनामूल्य द्यावे लागतात आणि भरपाईचीही तरतूद आहे. शिवाय औषधाच्या चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत करावी लागते आणि ती नोंद कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. तुला बोलावणाऱ्या डॉक्टरांकडून नोंदणी क्रमांक मागून घे. क्रमांक विचारला म्हणून कोणी नाराज झाले, तर तिथूनच परत फिर.

आता तुझ्या परिस्थितीविषयी. तू सात महिने सोबर आहेस, दारूला शिवलेला नाहीस. असे कित्येक अभ्यास सध्या पिणाऱ्यांसाठी असतात आणि ‘शेवटचे कधी घेतली’ या प्रश्नाच्या उत्तरावर तुला घ्यायचे की नाही हे ठरते. तिथे आत शिरण्यासाठी तारीख पुढे-मागे करून सांगू नकोस आणि पात्र ठरावे म्हणून एक पेग घेण्याचा विचार मनात डोकावला, तर आधी मला फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी कर. चालू असलेली गोळी अभ्यासासाठी आपल्या मनाने थांबवू नकोस. अभ्यास नाल्ट्रेक्सोनचा आहे, असे तू लिहितोस. हे औषध शरीरातील अफूवर्गीय द्रव्यांच्या जागा अडवून धरते, त्यामुळे पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल किंवा खोकल्यासाठी कोडीनचे औषध तू कधी घेत असलास, तर ते लाज न बाळगता आधीच सांग. अंगात असे द्रव्य असताना ही गोळी पोटात गेली, तर विड्रॉअलचा, म्हणजे नशा अचानक तुटल्यावर होणारा, त्रास एकदम उसळतो.

तुला गोळी मिळेल की हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली प्लासिबो, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल आणि ते तुलाही कळणार नाही, तुझ्या डॉक्टरांनाही नाही. म्हणून तिथे जाताना आपल्या व्यसनमुक्ती गटाची मीटिंग, आपले समुपदेशन, आपली माणसे यांतले काहीही सोडायचे नाही. प्रवासखर्च रोख न देता बँकेत जमा करता येईल का, हे विचारून घे, कारण वाईट दिवशी खिशातली नोट कुठे वळते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. लघवीच्या तपासणीचा निकाल कोणाकोणाला दिसेल आणि अभ्यास संपल्यावर औषध पुढे मिळेल का, हेही विचार.

मी स्वतः अशा एका अभ्यासात होतो, हे तुला ठाऊक नसेल. डिटॉक्सच्या, म्हणजे अंगातली दारू उतरवण्याच्या उपचाराच्या, तिसऱ्या दिवशी, हात थरथरत असताना, माझ्यापुढे इंग्रजीतले संमतीपत्र ठेवले गेले आणि मी सही केली. आज मी ते चालवून घेतले नसते. नशेत किंवा विड्रॉअलमध्ये असलेल्या माणसाची संमती घेऊच नये. मला अधिक सांगायचे आहे ते मात्र त्यानंतरचे. तीन महिन्यांनी तपासणीची भेट ठरलेली होती आणि त्याच्या आठ दिवस आधी मी पुन्हा प्यायलो. भेटीला गेलो नाही, फोन उचलले नाहीत. शेवटी त्या अभ्यासाचे काम करणाऱ्या एक ताई पत्ता शोधत घरी आल्या. मी ओट्यावर बसलो होतो, मान खाली घालून. त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही. घरातले कालनिर्णय मागून घेतले, मांडीवर ठेवले आणि कालपासून मागे बोट फिरवत चौदा दिवस मोजले. ‘हा तुमचा पगाराचा दिवस. त्या संध्याकाळी कुठे होता? ही संकष्टी. उपास होता का? हा बाजाराचा वार.’ मग विचारले, ‘किती क्वार्टर? देशी की इंग्लिश?’ मी ‘थोडीशी’ म्हणालो. त्या पेन तसेच धरून थांबल्या. मग मी खरा आकडा सांगितला. बायकोलाही कधी न सांगितलेला तो आकडा त्यांनी शांतपणे चौकटीत लिहिला आणि पुढच्या दिवसावर बोट ठेवले.

मी तर गेलो नव्हतोच, त्याही आल्या नसत्या, तर काय झाले असते याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. पुन्हा प्यायलेले लोक तोंड लपवून घरी बसतात आणि न प्यायलेले आनंदाने भेटीला येतात. मग मोजताना फक्त आलेले मोजले, की उपचार आहे त्यापेक्षा गुणकारी दिसतो आणि तो कागदावरचा गुण पाहून डॉक्टर पुढच्या हजारो रुग्णांना तेच देतात. तुझी गैरहजेरी अशी कोणा अनोळखी माणसाच्या अंगावर येते.

पीत राहिलेल्यांनाही मोजणारा अभ्यास कसा असतो, याचा नमुना मी गोव्यात झालेल्या अभ्यासाला मानतो. डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ ते २०१५ या काळात घातक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष निवडले. अर्ध्यांना नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून समुपदेशन दिले आणि ते देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, थोडे प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. बैठका फार तर चार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के सुधारले होते आणि न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. त्याच अहवालात, जे पीत राहिले त्यांच्या रोजच्या प्रमाणात फरक पडला नाही, हेही लिहिले आहे. हे दुसरे वाक्य लिहिता आले, कारण पीत असलेले पुरुषही परत आले आणि मागच्या चौदा दिवसांत किती घेतली हे त्यांनी सांगितले. मला त्या पुरुषांविषयी फार आदर वाटतो. ज्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही, तिथेही काही करता येते, हे आज आपण म्हणू शकतो ते त्यांच्यामुळे. (या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या. आपल्या गटातल्या ताईंनी कधी अशा एखाद्या अभ्यासाविषयी विचारले, तर त्यांना थोपवू नकोस, सोबत जा.)

तेव्हा माझे उत्तर असे आहे: तू पात्र ठरलास तर जा, पण सही करताना एक गोष्ट मनाशी पक्की कर. ठरलेल्या दिवशी जायचे. सोबर असलास तर जायचे, प्यायलेला असलास तरी दुसऱ्या दिवशी जायचे आणि आकडा खरा सांगायचा. नको वाटले, तर कारण न देता अभ्यासातून बाहेर पडण्याचा तुला हक्क आहे आणि त्यामुळे तुझा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. पण बाहेर पडायचे तर तसे सांगून पड, लपून नको.

संमतीपत्र मराठीत माग, त्याची प्रत घरी घेऊन ये. लगेच सही करू नकोस. रविवारी मीटिंगनंतर आपण दोघे पारावर बसून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचू. चष्मा मी आणतो, पेन्सिल तू आण, अडेल तिथे खूण करू आणि सोमवारी डॉक्टरांना तेवढेच विचार.

तुझा,
काका