रंग लागू देऊ नका

प्रश्न : वडिलांनी १९७५ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे आहे. वडील चार वर्षांपूर्वी गेले. आरसी अजून त्यांच्याच नावावर आहे. मी साताऱ्यात राहतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये गाडी पुण्यातल्या एका गॅरेजला पत्राकामासाठी दिली. ठरलं ते तोंडीच : दोन्ही रनिंग बोर्ड (दारांखालचा पत्रा), पुढचा फ्लोअर आणि चारही दारांचे तळ सडका पत्रा कापून १८ गेजच्या नव्या पत्र्यात करायचे, पुट्टी नावापुरती, २,४०,००० रुपये, पाच महिने. त्यातले १,८०,००० दिले. १,३०,००० यूपीआयने, ५०,००० रोख. रोखीबद्दल त्यांचा ‘५० मिळाले’ असा मेसेज आहे. आता चौदा महिने झाले. परवा गेलो तेव्हा फ्रिजवरचा लोहचुंबक दाराच्या तळाशी लावून पाहिला, तो खाली पडला, म्हणजे वर पुट्टीचाच जाड थर आहे. फ्लोअरचा सडका पत्रा तसाच ठेवून वर ठिगळं वेल्ड केली आहेत. डावीकडचं मागचं मडगार्ड मला न विचारता कापून रुंद केलंय. पुढची जाळी आणि क्रोम पट्ट्या दिसत नाहीत. मालक आणखी १,१०,००० मागतात. नाही दिले तर रोज २०० रुपये पार्किंग लावू आणि शेवटी गाडी भंगारात काढू म्हणतात. जुलैमध्ये त्यांनी फोटो पाठवून ‘खाली अजून सडलंय, खर्च वाढेल’ असं लिहिलं होतं. मी ‘ठीक आहे, बघा’ असं उत्तर दिलं होतं. टो करून गाडी सरळ उचलून आणू का? पुढच्या आठवड्यात रंग मारणार आहेत.

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातलं सगळ्यात तातडीचं वाक्य शेवटचं आहे. आज, हे वाचून झाल्या झाल्या, गॅरेजमालकांना एक मेसेज टाका : ‘माझ्या लेखी परवानगीशिवाय गाडीला प्रायमर, रंग किंवा पुट्टीचा आणखी हात मारू नये. गाडी आहे त्या स्थितीत ठेवावी.’ तुमचा पुरावा म्हणजे तो उघडा पत्रा. त्यावर एकदा चकचकीत रंग बसला की ग्राहक आयोगापुढे जाणारे फोटो सुंदर गाडीचे असतील आणि समोरचे वकील तेच पुढे करून विचारतील, ‘यात त्रुटी कुठे आहे?’ एका जुन्या जीपच्या प्रकरणात माझ्या अशिलाने रंगवलेली गाडी घरी आणली आणि वर्षभराने पोपडे सुटल्यावर तो माझ्याकडे आला. तोवर आतलं काम कोणी केलं, कधी केलं, हे सिद्ध करायलाच आमची दमछाक झाली.

आता टो करून आणण्याबद्दल. आणू नका. गाडी तुमची असली तरी हा मार्ग धोक्याचा आहे. चोरीच्या व्याख्येखाली कायद्यानेच घड्याळाचं उदाहरण दिलं आहे. ते जुन्या दंडसंहितेत होतं, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खालीही आहे. दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाचे पैसे देणं बाकी आहे, दुरुस्त करणाऱ्याने ते कायदेशीरपणे तारण म्हणून ठेवून घेतलं आहे, आणि मालकाने त्याचं तारण बुडवण्यासाठी ते उचलून नेलं, तर मालकावरही चोरीचा गुन्हा येतो. पैसे खरोखर बाकी नसतील तर चोरी नाही, पण जबरदस्ती आणि अनधिकृत प्रवेश हे प्रश्न उरतातच. बाजू तुमची आहे, मग स्वतःवर तक्रार का ओढवून घ्यायची?

गाडी अडवून ठेवण्याचा त्यांना मुळात हक्क आहे का? आहे, पण मर्यादित. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य खर्चून काम करणारा माणूस आपला वाजवी मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेऊ शकतो. पण काम ज्या हेतूने वस्तू सोपवली त्याला धरून झालेलं असायला हवं. तुम्ही सोपवली ती सडका पत्रा काढून नवा बसवायला. सडक्या पत्र्यावर ठिगळ आणि दाराच्या तळाला पुट्टीचा थर, हे ठरलेलं काम नव्हे. त्यामुळे मोबदला किती ‘वाजवी’ उरतो हाच खरा वाद आहे, आणि त्यापोटी १,८०,००० आधीच त्यांच्या हातात आहेत.

विकण्याचा हक्क तर अजिबात नाही. वस्तू गहाण ठेवलेली असेल तर गहाण घेणाऱ्याला रीतसर नोटीस देऊन ते विकता येतं; कलम १७० मध्ये नुसतं ठेवून घेणं आहे, विकणं नाही. ‘भंगारात काढू’ ही धमकी मेसेजमध्ये असेल तर जपून ठेवा, तोंडी दिली असेल तर मेसेज करून त्यांच्याच शब्दांत पुन्हा विचारा. तसं त्यांनी खरंच केलं तर न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताची तक्रार उभी राहते. पार्किंगचंही तेच. आपल्या पैशांसाठी स्वतःच गाडी अडवून ठेवायची आणि त्या अडवणुकीचं भाडंही गाडीवाल्याकडून घ्यायचं, हे आधी ठरलेलं नसेल तर चालत नाही.

तुमची कमकुवत जागाही सांगतो, कारण समोरचे वकील तिथेच बोट ठेवणार. ते ‘ठीक आहे, बघा’. जुन्या गाडीचं अस्तर काढल्याशिवाय आत किती गंज आहे ते कोणालाच कळत नाही. डेंटरने, म्हणजे पत्राकाम करणाऱ्याने, वाढीव खर्चाचा इशारा देणं हे त्याच्या प्रामाणिकपणाचं लक्षण असू शकतं. तुम्ही फोटो पाहून हरकत घेतली नाही. पण त्या मेसेजमध्ये आकडा नव्हता. तीन शब्दांतून १,१०,००० ची संमती निघत नाही. फार तर एवढं निघतं की जास्तीचं काम खरोखर आणि नीट झालं असेल तर त्याचा वाजवी खर्च त्यांना मागता येईल. म्हणून गॅरेजला जी नोटीस पाठवाल तिच्यात ‘एक पैसाही देणार नाही’ असं लिहू नका. लिहा : कोणत्या भागात किती पत्रा बदलला, कुठल्या गेजचा, किती दिवस मजुरी, त्याची बिलं दाखवा, योग्य ते मी देईन.

पुढचं पाऊल ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तुम्ही पैसे देऊन सेवा घेतली, त्यामुळे ग्राहक तुम्हीच. आरसी वडिलांच्या नावावर असल्याने ते बदलत नाही. एक काळजी मात्र घ्या. आई आणि भावंडं वारस असतील तर त्यांचं साधं संमतिपत्र जोडा, म्हणजे कोणी मध्येच ‘गाडी यांची कुठे आहे’ असा मुद्दा काढणार नाही. तक्रारीसाठी पुण्याला खेपा घालायची गरज नाही. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे साताऱ्यात. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. ती मागच्या ऑगस्टपासून, म्हणजे पाच महिने संपले तिथून, मोजा. नंतरची तारीख धरायची सोय असली तरी विसंबू नका.

तक्रारीबरोबर लगेच अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या आदेशासाठीचा, अर्ज द्या. त्यात दोन मागण्या : गाडीची स्थिती बदलू नये, आणि तपासणी व्हावी. वादातली वाजवी रक्कम आयोगात जमा करायची तयारी दाखवून गाडीचा ताबाही मागता येईल. पैसे सुरक्षित आहेत म्हटल्यावर अडवून ठेवण्याचं कारणच उरत नाही, आणि आयोगालाही तुमच्या मागणीत प्रामाणिकपणा दिसतो. तपासणीसाठी परवानाधारक मोटार सर्वेअर किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातले ऑटोमोबाइलचे प्राध्यापक बघा. दुसऱ्या गॅरेजचं ‘हे सगळं काढून पुन्हा करायला किती’ असं लेखी एस्टिमेटही हवं. नुकसानीचा आकडा त्यावरच ठरतो.

सर्वेअरला एक मुद्दा आवर्जून लिहायला सांगा. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा, आणि रनिंग बोर्ड व फ्लोअर त्याचा भार पेलतात. म्हणून तिथली ठिगळं दिसायला वाईट एवढाच प्रश्न नाही. गंज आतून खात राहतो, ओल दोन पत्र्यांच्या मध्ये अडकते, आणि एक दिवस जॅक लावल्यावर तो पत्र्यातून वर येतो. ‘त्रुटी’ हा शब्द आयोगापुढे जड व्हायचा असेल तर तो सुरक्षिततेला जोडला पाहिजे.

मडगार्डबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल चालत नाही, ज्याने आरसीतला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. बेकायदा बदल केल्याचा दंड गाडीच्या मालकावर येतो, कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे ‘मला न विचारता केलं’ हे आजच लेखी नोंदवून ठेवा.

आणखी एक गोष्ट बहुधा तुमच्या लक्षात आलेली नाही. तुमची गाडी नुकतीच पन्नाशी ओलांडलेली आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी ८१अ पासूनचे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली गाडी त्यात बसते. आधीच नोंदणी असलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो. वडिलांनी घेतलेली ती तीन अक्षरांची पाटी गाडीवर ठेवायची असेल तर हा रस्ता मोलाचा आहे. मात्र अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल झालेला नको. सडलेला पत्रा काढून त्याच आकाराचा बसवणं ही दुरुस्ती. मडगार्ड कापून रुंद करणं हा बदल. म्हणून मडगार्ड मूळ आकारात आणण्याचा खर्च नुकसानभरपाईत वेगळा मागा, आणि कापलेला तुकडा गॅरेजमध्ये पडला असेल तर तो ताब्यात घ्या. मूळ वळणाचा तोच सर्वांत चांगला साचा आहे. आरसी वारसाच्या नावावर करणं फॉर्म ३१ ने होतं. हे काम खरं तर जवळजवळ चार वर्षं उशिरा आहे. आयोगाच्या निकालाची वाट पाहू नका.

व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका आणि फोन बदलू नका. वेळ आलीच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल, त्यासाठी मूळ फोन हवा.

शनिवारी गॅरेजला जा, एकटे नको, कोणीतरी सोबत हवं. आवाज चढवू नका. लोहचुंबक, टॉर्च, मोजपट्टी घ्या. चुंबक कुठे चिकटतो आणि कुठे घसरतो ते एकाच सलग व्हिडिओत येऊ द्या, नंबरप्लेटपासून सुरुवात करून. दारावर नाण्याने टकटक करा. पत्र्याचा आवाज आणि पुट्टीचा बद्द आवाज व्हिडिओत स्पष्ट येतो. फ्लोअरच्या ठिगळांजवळ मोजपट्टी धरून फोटो काढा. मग जाळी, क्रोम पट्ट्या, बंपर, काच, सीट, जॅक, जे जे गाडीबरोबर दिलं होतं त्याची यादी कागदावर करा, काय समोर आहे आणि काय नाही ते त्यांच्यासमोर लिहा आणि सही मागा. नाही दिली तर तिथेच उभं राहून त्याच कागदाचा फोटो त्यांना व्हॉट्सॲप करा. सोमवारी नोटीस स्पीड पोस्टने जाऊ द्या, उत्तराला पंधरा दिवस. पोचपावती हातात आली की तक्रारीचा मसुदा घेऊन वकिलाकडे जा.