समांतर जोडल्यावर रोध वाढायच्या ऐवजी कमी का होतो?

तुमचं म्हणणं असं, की रोधक म्हणजे अडथळा. मग दोन अडथळे समांतर जोडल्यावर एकूण रोध त्या दोघांपेक्षाही कमी कसा? सूत्र पाठ आहे, पण पटत नाही.

मलाही पटत नव्हतं. मी रावेरकडचा, घरी केळी. ठिबकची एकच नळी चालू असली की तिच्यातून मावेल तेवढंच पाणी जातं. शेजारची उघडली, ती भले अर्धी चोंदलेली असो, एकूण पाणी थोडं तरी जास्तच जाणार. पाण्याला वाट वाढली. हीच समांतर जोडणी. तीच दुसरी नळी पहिलीच्या टोकाला जोडून लांबवली तर मात्र पाण्याला दोन्हींतून जावं लागतं, आणि शेवटच्या झाडाशी नुसती टिपटिप. ही एकसर, तिथे सरळ बेरीज. (मोटार कमजोर असली तर नळ्या वाढवल्यावर दाब पडतो, हे खरं. पण थकलेल्या बॅटरीचंही तसंच होतं.)

आता आकडे. गोठ्यात १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक पांढरा एलईडी लावायचा होता. साधारण ३ व्होल्ट तो स्वतः घेतो, उरले ९. माझ्याकडे फक्त १ किलोओहमचे रोधक, तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचे. एक लावला तर ९ मिलिअँपिअर, उजेड मिणमिणता. दोन समांतर लावले: १/१००० अधिक १/१००० म्हणजे २/१०००, ते उलटं केलं की ५०० ओहम. धारा १८ मिलिअँपिअर, गव्हाणीतला चारा दिसायला लागला. शिवाय उष्णता दोघांत वाटली गेली. पेपरात मार्क जातात ते हे शेवटचं उलटं करायला विसरल्यामुळे. दोनच रोधक असतील तर गुणाकार भागिले बेरीज. तीन असले तर आधी दोघांचं काढा, मग ते उत्तर तिसऱ्यासोबत घ्या. तिघांचा एकदम गुणाकार चालत नाही.

आणि मल्टिमीटरवर मोजताना रोधकाच्या दोन्ही तारा चिमटीत धरू नका, तुमचं अंगच त्याला समांतर जोडलं जातं. १ किलोओहमला फरक कळत नाही. पण मे महिन्यातल्या घामेजल्या बोटांनी मी १ मेगाओहमचे मोजले, सगळे कमी भरले, आणि अख्खं पाकीट परत करायला दुकानात गेलो. दुकानदाराने एक रोधक काउंटरवर ठेवला, हात न लावता मोजून दाखवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.