गळाला काही लागत नाही: चूक आमिषाची की घड्याळाची?

प्रश्न: मी मूळचा साताऱ्याचा, बदलीमुळे सध्या रत्नागिरीत आहे. गेले चार रविवार पहाटे पाच ते साडेसहा भाट्याच्या खाडीवर गळ टाकून बसतो. ताजी कोळंबी लावतो. एकदा एक शिंगाळा लागला, बाकी काही नाही. शेजारचे आजोबा मात्र त्याच जागेवरून संध्याकाळी तांबोशी घेऊन येतात. आमिष बदलू का? चारही रविवारच्या तिथी लिहून ठेवल्यात: पौर्णिमा, वद्य सप्तमी, वद्य चतुर्दशी आणि शुद्ध षष्ठी.

उत्तर: कोळंबीला नावं ठेवू नका, ती बरोबर आहे. (शिंगाळा सोडवताना काटा नाही ना लागला? दिवसभर ठणकतो.) तिथी लिहिल्यात हे फार बरं केलंत, तुमचं उत्तर त्यातच आहे.

आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पौर्णिमेचे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे त्याच्या सहा तास आधी, त्या रविवारी पाचच्या सुमारास पूर्ण सुकती (ओहोटी) होती. सप्तमीला सव्वापाचला पूर्ण भरती. चतुर्दशीला साडेचारच्या आतबाहेर पुन्हा सुकती, षष्ठीला साडेचारला भरती. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. म्हणून एका रविवारी तुम्हाला तळाचं पाणी मिळालं, पुढच्या रविवारी काठोकाठचं, आणि दोन्ही वेळा ते उभं (थांबलेलं) किंवा नुकतं वळलेलं. उभ्या पाण्यात मासा आळशी होतो. षष्ठीला तर तुम्ही गळ गुंडाळलात तेव्हा कुठे पाणी धावायला लागलं होतं!

सहा तासांत पाणी सारखं चढत-उतरत नाही. बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन, एक. निम्मं पाणी मधल्या दोन तासांत हलतं. गळ तेव्हा पाण्यात हवा.

तुमचे आजोबा काय करत असतील ते सांगतो. तृतीयेला पहाटे सव्वादोनला, मग पुन्हा दुपारी अडीचच्या आसपास पूर्ण भरती. साडेचार ते साडेसहा सुकतीचं धावतं पाणी. कांदळवनातून, लहान लहान वहाळांतून (ओढ्यांतून) ते उतरायला लागतं तशी चिंगळं (बारीक कोळंबी) आणि बारीक मासळी त्याच्याबरोबर वाहत खाली येते. तांबोशी आणि जिताडा तिच्या मागे धावत बसत नाहीत. वहाळाच्या तोंडाशी नाहीतर पुलाच्या खांबाआड, जिथे पाणी संथ फिरतं, तिथे येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून थांबतात. म्हणून गळ खांबावर टाकू नका. प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका आणि कोळंबी वाहत वाहत त्या आडोशाच्या संथ पाण्यात जाऊ द्या. फेस आणि पानं एका रेषेत तरंगताना दिसली तर समजा, जोराचं पाणी आणि संथ पाणी तिथे भेटतंय. माझे बरेचसे मासे त्या रेषेवरचे आहेत.

चढत्या पाण्यात उलटं. मासा पाण्याबरोबर कांदळवनाच्या कडेला आत शिरतो. तेव्हा लांब फेकण्याची हौस आवरा, काठाजवळच टाका.

ऐन अमावास्या-पौर्णिमेचं उधाण मला आवडत नाही. ओढ इतकी की दोरीला वजनासाठी लावलेलं शिसं गडगडत जातं आणि दोरीला पाचोळा अडकतो. द्वितीया ते पंचमी हे माझे लाडके दिवस. अष्टमी-नवमीला भांगाचं (लहान भरती-ओहोटीचं) पाणी मंद, तेव्हा शिसं हलकं लावा आणि फार आशा ठेवू नका. पावसाळ्यात नदीचं गढूळ गोडं पाणी वरून बाहेर जात राहतं, सुकती लांबते, मग माझा हिशोबही कोलमडतो.

मोबाईलवर भरतीच्या वेळा बघत असाल तर त्या रत्नागिरीच्याच आहेत ना ते पाहा. मुंबईला पाणी आपल्यानंतर भरतं. शिवाय खाडीच्या तोंडापेक्षा आत ते उशिरा पोहोचतं, आणि काठावर पाणी चढायला लागलं तरी मधली धार कधी कधी थोडा वेळ बाहेरच वाहत असते. एक-दोनदा नुसते बसून हे बघा. गळ न घेता गेलात तरी चालेल, घरचे हसतील एवढंच.

खडकावर उभे राहणार असाल तर चढत्या पाण्यात मागे वळून बघत राहा. तरुणपणी एकदा माझी दोरी ताणली गेली होती आणि माझं सगळं लक्ष समोर. मागच्या खळग्यात पाणी कधी भरलं कळलंच नाही. बाजूने स्वतःच्या चपला तरंगत जाताना दिसल्या तेव्हा कळलं. कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आलो. मासा अर्ध्या किलोचा होता. चपला नव्या होत्या.